पदरमोड की कर? सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या पैशाचा प्रश्न

सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणजे ज्याला गरज पडेल त्याला, खिशात किती पैसे आहेत हे न विचारता, योग्य उपचार मिळण्याची व्यवस्था. ती फुकट नसते. डॉक्टरचा पगार, परिचारिकेची रात्रपाळी, इन्सुलिनची कुपी, रुग्णवाहिकेचे डिझेल या सगळ्याचे पैसे कोणीतरी भरतेच, आणि ते भरण्याचे मार्ग मोजके आहेत. सरकारने कर गोळा करून त्यातून सेवा द्यावी. पगारातून सक्तीची वर्गणी कापून विमानिधी उभारावा. ज्यांना परवडेल त्यांनी खासगी विमा घ्यावा. नाहीतर आजारी पडल्यावर रुग्णाने पदरचे पैसे मोजावेत. परदेशी मदत आणि धर्मादाय निधी यांचा वाटा भारतासारख्या देशात अगदीच किरकोळ असतो. म्हणून सार्वत्रिक आरोग्यसेवेसाठी कर वाढवावे लागतील का, हा प्रश्न सुटा विचारता येत नाही. कर वाढवले नाहीत तर तेच पैसे कोणाच्या खिशातून आणि कोणत्या दिवशी जातात, हेही सोबत विचारावे लागते.

भारतापुरते त्याचे उत्तर राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत मिळते. २०२१-२२ या वर्षात देशात आरोग्यावर एकूण ९,०४,४६१ कोटी रुपये खर्च झाले, जीडीपीच्या ३.८३ टक्के. त्यात केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था मिळून सरकारचा खर्च ४,३४,१६३ कोटी, म्हणजे जीडीपीच्या १.८४ टक्के. लोकांची पदरमोड ३,५६,२५४ कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या ३९.४ टक्के. २००४-०५मध्ये पदरमोडीचा हाच वाटा ६९.४ टक्के होता. दोन दशकांत झालेली ही घट खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. मात्र २०२१-२२ हे कोविडचे वर्ष होते. लसीकरणासह साथीवरचा मोठा खर्च त्यात मिसळलेला आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१८-१९मध्ये, सरकारी खर्च जीडीपीच्या १.२८ टक्के आणि पदरमोड ४८.२ टक्के होती.

पदरमोड हाही एक करच आहे. फक्त तो कोणत्या विधिमंडळाने मंजूर केलेला नाही. त्याचा दर आजाराची तीव्रता ठरवते. तो निरोग्याला माफ असतो आणि आजाऱ्याला सक्तीचा असतो. कमाई थांबते त्याच दिवशी त्याची वसुली सुरू होते, कारण रोजावर जाणारा माणूस खाटेवर असतो आणि घरातले दुसरे कमावते माणूस त्याच्या उशाशी बसलेले असते. प्राप्तिकरात उत्पन्नाप्रमाणे टप्पे असतात. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत नसतात. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणे वगळता, सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयातला ३१,८४५ रुपये आढळला. हा सरासरीचा आकडा आहे. त्याच्या मागे डिपॉझिटसाठी गहाण पडलेले मंगळसूत्र असते, विकलेली दुभती म्हैस असते, मुलीचे थांबलेले कॉलेज असते. करांच्या कोणत्याही चर्चेत हे ओझे ताळेबंदाच्या एका बाजूला मांडलेच पाहिजे. ते वगळून केलेला हिशेब अर्धा असतो.

आरोग्यसेवा सर्वांना मिळावी ही कल्पना भारताला नवी नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल १९४६मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांविना राहू नये, हे त्याचे पायाभूत तत्त्व होते, आणि आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची मूळ आखणीही त्याच अहवालातली. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले. तत्त्व आले, आराखडा आला. पैसा मात्र त्या मापाने कधी आला नाही.

तो किती लागेल याचा अंदाज अनेकदा बांधला गेला आहे. नियोजन आयोगाने नेमलेल्या, डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने २०११मध्ये सरकारी खर्च बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस जीडीपीच्या २.५ टक्के आणि २०२२पर्यंत किमान ३ टक्के करावा असे सुचवले. हा पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून यावा, त्याला पगारदार आणि करदात्यांच्या सक्तीच्या वर्गणीची जोड द्यावी आणि रुग्णाकडून शुल्क घेऊ नये, असेही या गटाने स्पष्ट म्हटले. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५वर नेले. ते सालही उलटून गेले. उद्दिष्ट गाठले गेले नाही.

२०२१-२२च्या आकड्यांवर हिशेब मांडला तर २.५ टक्के म्हणजे सुमारे ५.९ लाख कोटी रुपये होतात. प्रत्यक्षात सरकारने खर्च केले ४.३४ लाख कोटी. तूट सुमारे १.५६ लाख कोटींची. ३ टक्क्यांचे माप लावले तर तूट सुमारे २.७४ लाख कोटींची. आता शेजारी पदरमोडीचा आकडा ठेवावा : ३.५६ लाख कोटी. दोन्ही मापांनी निघणाऱ्या तुटीपेक्षा कितीतरी अधिक रक्कम लोक आजही भरतात. फरक इतकाच, की ती एकेकट्याने, अडल्या वेळी आणि भाव करण्याची कसलीही ताकद नसताना भरतात.

ही तूट कर न वाढवता भरून काढता येईल का? येते असे म्हणणाऱ्यांचा सर्वात भक्कम आधार थायलंड आहे. १९९७च्या आर्थिक संकटातून तो देश नुकता सावरत होता. २००१मध्ये सहा प्रांतांत सुरू झालेली ‘तीस बाथ’ योजना २००२च्या एप्रिलपर्यंत देशभर पोचली आणि त्याच वर्षी तिला कायद्याचे रूप मिळाले. रुग्णाने प्रत्येक भेटीला तीस बाथ द्यायचे, बाकी सारे सरकारने. सरकारी नोकर आणि संघटित कामगार यांच्या योजना आधीपासून होत्या. उरलेली सुमारे तीन चतुर्थांश जनता या नव्या योजनेत आली. पहिल्या वर्षी सरकारने दरडोई १,२०२ बाथ या हिशेबाने पैसे धरले आणि ते सर्वसाधारण करांतून दिले. मूल्यवर्धित कराचा दर मात्र १९९९मध्ये ७ टक्क्यांवर आणलेला होता आणि तो तसाच राहिला. दारू-तंबाखूवरचा २ टक्क्यांचा अधिभार होता, पण तो आरोग्यसंवर्धनाच्या वेगळ्या निधीसाठी होता. रुग्णालयांच्या खर्चासाठी नव्हता.

मग थायलंडने हे जमवले कसे? त्याचे उत्तर २००१च्या आधीच्या तीस वर्षांत आहे. १९७०च्या दशकापासून तिथे नव्या डॉक्टरांना सरकारी सेवा सक्तीची होती, आणि १९८०च्या दशकात शहरी रुग्णालयांवरचा पैसा वळवून जवळपास प्रत्येक तालुक्यात रुग्णालय उभे केले गेले. डॉ. सांगुआन नित्यारम्पोंग यांच्यासारखे ग्रामीण भागात राबलेले डॉक्टर पुढे आरोग्य मंत्रालयात बसून योजनेचा आराखडा आखत होते. पैसे देण्याची पद्धतही मोलाची ठरली. रुग्णालयाला प्रत्येक तपासणीचे बिल चुकते करण्याऐवजी त्याच्या परिसरातल्या लोकसंख्येप्रमाणे ठरावीक रक्कम दिली गेली, त्यामुळे अनावश्यक तपासण्या करण्यात कोणाचा फायदा उरला नाही. एड्सच्या आणि इतर महागड्या औषधांचे पेटंट अडसर ठरले तेव्हा २००६-०७मध्ये सरकारने सक्तीचे परवाने काढले. अर्थव्यवस्था वाढत होती, तसा करांचा ओघही वाढत होता. कराचा दर वाढला नाही हे खरे. पण वाढत्या करांतला मोठा घास आरोग्याला मिळाला, आणि तो पचवायला रुग्णालये आधीपासून उभी होती.

भारतात या वाटेने काही अंतर नक्की जाता येते. तामिळनाडूने १९९४मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. जेनेरिक औषधांची मोठ्या प्रमाणात, खुल्या निविदांनी खरेदी आणि प्रत्येक रुग्णालयाच्या नावे पासबुक, एवढ्या साध्या रचनेने त्या राज्यात सरकारी दवाखान्यातली औषधे स्वस्तही झाली आणि वेळेवरही मिळू लागली. राजस्थानने तोच धडा गिरवून २ ऑक्टोबर २०११पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने वैद्यकीय खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३मध्ये, तामिळनाडूनंतर जवळपास तीन दशकांनी. ‘औषध इथे नाही, बाहेरून आणा’ ही चिठ्ठी महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या दारात उभे राहणाऱ्याला परिचयाची आहे, आणि पदरमोडीचा मोठा भाग याच चिठ्ठीतून, म्हणजे औषधांवर आणि बाह्यरुग्ण उपचारांवर होतो. तेव्हा चांगली खरेदी हा पदरमोड कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे. पण खरेदी सुधारल्याने औषधाची किंमत उतरते; रिकामी पदे भरली जात नाहीत. परिचारिका, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांचे पगार हा दरवर्षीचा, निवृत्तीपर्यंत चालणारा खर्च आहे. काटकसरीतून तो निघत नाही.

दुसरा मार्ग सक्तीच्या वर्गणीचा. जर्मनीत १८८३मध्ये बिस्मार्कच्या काळात तो सुरू झाला आणि पुढे युरोपात व आशियात पसरला. जपानने १९६१मध्ये, दक्षिण कोरियाने १९८९मध्ये याच मार्गाने सर्व नागरिकांना विम्याखाली आणले. भारतातही कर्मचारी राज्य विमा योजना १९४८च्या कायद्याने आली. आज तिच्यात मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. पण वर्गणी कापायला पगारपत्रक लागते. ऊसतोड कामगाराचे, घरकाम करणाऱ्या बाईचे, हातगाडीवाल्याचे पगारपत्रक कोठे असते? जिथे बहुसंख्य कामकरी असंघटित आहेत, तिथे वर्गणीचा निधी थोड्यांनाच सामावून घेतो. बाकीच्यांसाठी पुन्हा करांकडेच यावे लागते.

तेव्हा भारताच्या बाबतीत उत्तर ‘होय’ असे आहे. अर्थव्यवस्थेच्या वाढीने आपोआप येणारा महसूल आणि खर्चातली शिस्त यांनी काही तूट भरेल, सगळी भरणार नाही. ३ टक्क्यांचे माप धरले तर कर वाढवणे आवश्यक आहे. हे सांगायला राजकारणी कचरतात, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. कराची वाढ डोळ्यांना दिसते. पदरमोडीतली घट दिसत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०११मध्ये सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्यनिधी उभारण्याचा कायदा केला. हिशेब पुरा झाला तेव्हा मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर आणि कुटुंबांवर उत्पन्नाप्रमाणे ९.५ टक्क्यांपर्यंत आकारणी लागेल असे दिसले, आणि डिसेंबर २०१४मध्ये गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी योजना सोडून दिली. या करांमुळे खासगी विम्याचे हप्ते बंद होणार होते, पण चर्चेत कराचा आकडाच राहिला. उलट ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८पासून करांवर चालत आलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी एप्रिल २००३मध्ये राष्ट्रीय विम्याची वर्गणी एक टक्क्याने वाढवली गेली आणि तो निर्णय टिकला. त्याच देशात २०२२मध्ये आरोग्य व वृद्धसेवेसाठी आणलेली १.२५ टक्क्यांची वाढ मात्र काही महिन्यांतच मागे घेतली गेली. वाढीला कधी बळ मिळते आणि कधी मिळत नाही याचा एकच नियम सांगता येत नाही. पण लोकांना ज्या सेवेचा रोजचा अनुभव चांगला आहे, तिच्यासाठीच ते जास्त भरायला तयार होतात, एवढे यातून म्हणता येते.

कोणता कर वाढवावा, हा प्रश्न ‘वाढवावा का’ या प्रश्नाहून अधिक गुंतागुंतीचा आहे. भारतात सर्वात सोपी वाट निवडली गेली ती उपकराची. २०१८-१९पासून प्राप्तिकरावरचा ३ टक्के शिक्षण उपकर ४ टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ झाला, आणि २०२१मध्ये त्यातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी वेगळा, व्यपगत न होणारा निधी मंजूर झाला. पण उपकर आणि अधिभार केंद्र-राज्य वाटपात येत नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्यांचा विषय आहे आणि सरकारी आरोग्यखर्चाचा मोठा भाग राज्येच उचलतात. ज्याच्या अंगावर रुग्णालय चालवण्याची जबाबदारी आहे, त्याच्या हक्काच्या वाट्यात हा पैसा येत नाही. येतो तो केंद्राच्या योजनांमधून, केंद्राच्या अटींवर. त्यात जुलै २०१७पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांना स्वतःचा दर ठरवता येईल असे कर थोडेच उरले : दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क, व्यवसायकर. आरोग्यासाठी कर वाढवायचा आणि तो उपकराच्या रूपात केंद्रात ठेवायचा, ही रचना मुळातच चुकीची आहे.

तंबाखूवरचा कर वाढवणे हे कराचे आणि औषधाचे काम एकदमच करते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीप्रमाणे भारतात तंबाखू वापरणारे सुमारे २६.७ कोटी लोक होते. जागतिक आरोग्य संघटना किरकोळ किमतीच्या किमान ७५ टक्के कर असावा असे सांगते. विडी आणि चघळण्याच्या तंबाखूवरचा भारतातला भार त्याहून बराच हलका राहिला आहे. फिलिपिन्सने २०१२मध्ये दारू-तंबाखूवरचे कर वाढवून त्यातला मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्य विम्याला जोडला. हा मार्ग घ्यावाच. मात्र तो यशस्वी होईल तसतसा आटत जाणारा झरा आहे, त्यावर कायमचे पगार उभे करता येत नाहीत.

वस्तू व सेवा कराचा दर वाढवणे हा आरोग्यासाठीचा वाईट मार्ग ठरेल. घानाने २००४पासून मूल्यवर्धित कराच्या जोडीला २.५ टक्क्यांची आरोग्य आकारणी बसवली आणि पैसा उभा राहिला. पण भारतात रोजंदारीवरचा माणूस साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत हा कर आधीच भरतो. ‘गरीब कर भरत नाहीत’ हे वाक्य खोटे आहे. भार वर सरकायला हवा, आणि तिथे जागा आहे. सप्टेंबर २०१९मध्ये कंपन्यांचा मूळ करदर ३० वरून २२ टक्के केला गेला, तेव्हा सरकारनेच त्यामुळे सोडून द्यावा लागणारा महसूल वर्षाला १.४५ लाख कोटी सांगितला होता. वारसा संपत्तीवरचे शुल्क १९८५पासून आणि संपत्ती कर २०१५पासून बंद आहेत. करसवलतीने गुंतवणूक वाढते, असा दावा केला जातो. पण जीडीपीच्या २.५ टक्क्यांपर्यंत पोचायला हवी असलेली तूट आणि एका निर्णयाने सोडलेला महसूल हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की ‘पैसा आणायचा कोठून’ या प्रश्नाचे उत्तर देशात आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

महाराष्ट्राकडे याबाबत स्वतःचा अनुभव आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२च्या दुष्काळात पसरलेल्या रोजगार हमी योजनेला स्थिर पैसा हवा होता, म्हणून १९७५मध्ये व्यवसायकर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कपात झाली आणि ती खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या, बंधारे बांधणाऱ्या हातांच्या मजुरीसाठी राखली गेली. १९७७च्या कायद्याने कामाचा हक्क दिला. कराचे ध्येय ठरलेले होते आणि त्यामागे कायद्याचा हक्क होता, म्हणून शहराने तो भरला. पुढे निधीत शिल्लक साचली आणि सारा पैसा कामांवर गेला नाही, ही टीकाही झाली. ती आरोग्यकराच्या बाबतीतही लक्षात ठेवायला हवी. राखीव कर तेव्हाच शोभतो, जेव्हा तो नेमका कशावर खर्च झाला हे दरवर्षी लोकांपुढे मांडले जाते.

त्या खर्चाची दिशाही तितकीच महत्त्वाची. २०१८च्या २३ सप्टेंबरला सुरू झालेली आयुष्मान भारतमधली जन आरोग्य योजना आणि महाराष्ट्रातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्ही दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, संरक्षण देतात. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला त्यांनी वाचवले आहे. पण रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, लहान मुलाचा ताप ही पदरमोडीची खरी ठिकाणे त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. वाढीव कराचा पैसा दराचे नियंत्रण नसलेल्या खासगी रुग्णालयांकडे विम्याच्या पैशाच्या रूपाने वाहू लागला, तर तो कितीही वाढवला तरी पुरणार नाही. जीडीपीच्या सतरा-अठरा टक्के खर्चूनही सर्वांना संरक्षण न देऊ शकलेली अमेरिका हे त्याचे उदाहरण आहे. २०१७च्या धोरणाने दोन तृतीयांश किंवा अधिक पैसा प्राथमिक सेवेवर असावा असे म्हटले, ते म्हणूनच. उपकेंद्रात परिचारिका आणि औषध, प्राथमिक केंद्रात चोवीस तास डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि रक्त : कराचा पहिला रुपया इथे लागला पाहिजे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत, केस पेपरचे शुल्कही नाही. हा निर्णय योग्य होता. मात्र शुल्क माफ केल्याने खाट, डॉक्टर आणि औषध येत नाही; त्यासाठी राज्याच्या हाती स्वतःचा, वाढता महसूल लागतो. व्यवसायकराची कमाल मर्यादा घटनेच्या अनुच्छेद २७६ने १९८८पासून वर्षाला २,५०० रुपयांवर बांधून ठेवली आहे. महिन्याला एक लाख मिळवणारा आणि महिन्याला दहा लाख मिळवणारा, दोघेही आज तेवढेच भरतात. ही मर्यादा उठवण्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि ती मागण्याचा सर्वात मोठा अधिकार हा कर रोजगार हमीसाठी लावून दाखवणाऱ्या महाराष्ट्राचा आहे. विधिमंडळाने तसा ठराव करून तो संसदेकडे पाठवावा.